बायकोचं लुगडं आणि शेळीचं पिल्लू

गोवऱ्यांच्या धुराचा वास आला की शीळफाट्याजवळची आमची शेतावरची झोपडी आठवते. तेव्हा तिथं शेतीच होती. ऐन थंडीत शेळी विताना मेली. मागं राहिलेलं पिल्लू गोणपाटानं चोळून चोळून जगवलं मी, पण ते दूध प्यायचं बायकोच्याच हातून, तिच्या पदरात शिरून. मी बाटली धरली की तोंड फिरवायचं. माझा नुसता जळफळाट! एका सकाळी ती पाण्याला गेली, तसं मी तिचं खुंटीवरचं लुगडं अंगावर गुंडाळलं. पिल्लू सरळ मांडीवर येऊन चुरूचुरू प्यायला लागलं. तेवढ्यात ही दारात. "अगं बाई! मला सवत आणलीत की काय?" मी बाटली काही सोडली नाही. आज नातवंडांना मी एवढंच सांगतो, की ते पिल्लू माझ्या हातून दूध प्यायचं. लुगड्याचं ही सांगते.