फाटका कोपरा

बर्फात भिजलेल्या कागदाचा वास आला की मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं ते घर आठवतं. आम्ही दोघं विद्यार्थी तिथे एका मराठी काकूंकडे भाड्याने राहायचो. माझा रूममेट जाफन्याचा तमिळ. तेव्हा श्रीलंकेत यादवी पेटलेली, फोन लागत नसे, आईकडून विमानाने येणाऱ्या निळ्या एरोग्राम-पत्रांवर तो जगायचा. एकदा फार दिवसांनी पत्र आलं, पण वाटेत कुठेतरी त्याचा कोपरा फाटला होता. आपल्याकडे कोणी गेल्याचं कळवताना कार्डाचा कोपरा फाडतात. काकूंनी तो पाहिला आणि असलं पत्र घरात नको म्हणून बाहेर पोर्चच्या कठड्यावर ठेवून दिलं. रूममेट लॅबमधून येईपर्यंत बर्फाने शाई धुऊन नेली होती. “अहो काकू, त्यांच्यात ही पद्धत नाही!” मी ओरडलो. “पद्धत नसली म्हणून मरण थांबतं का?” काकू म्हणाल्या. त्याने कागद हीटरवर वाळवला. वरची एकच ओळ शाबूत होती, ती त्याने वाचून दाखवली: आम्ही सगळे सुखरूप आहोत. त्यानंतर त्याच्या घरून पत्र आलंच नाही. काकू आता खूप थकल्यात, पण विषय निघाला की अजून म्हणतात, “मी सांगितलं नव्हतं?”