सावलीबुवांचं गिऱ्हाईक

सावलीबुवा कुणाच्याही घरात शिरले की आधी जमिनीकडे बघत. बल्ब वर आणि हा माणूस खाली. चुलीजवळ, पाटावर, जिन्याच्या पायरीवर कुणाची सावली कुठे पडते ते बघत घरभर फिरत आणि मग घरातल्या बाईला विचारत, “तांदूळ निवडायला तुमी बसता कुठं?” सावलीबुवा हे नाव मीच ठेवलं. कौतुकाने नव्हे, जळून. लोकांनी ते इतक्या प्रेमाने उचललं की त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि माझा डाव माझ्यावरच उलटला.

किन्हवलीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बुवा मुरबाडच्या एका कारखान्यात वायरमन होते. निवृत्त होऊन गावी आले आणि फिटिंगची बारीकसारीक कामं करू लागले. त्यांनी उभ्या आयुष्यात एक एलईडी विकला नाही. विकला असता तर बरं झालं असतं, दुसऱ्या दुकानदाराशी सरळ भांडता तरी येतं. बुवा फक्त चिठ्ठी लिहून देत. ‘चूल – सात वॅट. ओटी – नऊ. मोरीला नको, दाराचा पुरतो.’ ती चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक माझ्याच दारात येई. म्हणजे माझं दुकान बुवा चालवत होते, आणि नेमकं तेच मला सहन होत नव्हतं.

एकदा एका म्हाताऱ्याला मी चिठ्ठीतल्या सातऐवजी बाराचा बल्ब दिला, तोही सातच्याच भावात. लख्ख उजेड पडला की बुवांचं नाव मागे पडेल आणि माझं होईल, असा माझा बेत. दुसऱ्या दिवशी म्हातारा बल्ब धोतराच्या सोग्यात गुंडाळून हजर.

“शेठ, ह्यो चिठ्ठीतला नाय.”

“अहो काका, जास्त उजेड देतो हा.”

“देतो ना, डोल्यांत जातो. बुवांनी लिवलाय तोच द्या.”

मी निमूटपणे बदलून दिला. त्या दिवशी दुपारचं जेवण मला गोड लागलं नाही.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत व्होल्टेज इतकं कमी यायचं की ट्यूब नुसती फडफडत बसायची. बुवा पिशवीत दोन बल्ब घेऊन एसटीने तिकडे जात, एखाद्या घरात लावून दाखवत आणि महिनाभर तिथेच ठेवून येत. “पटला नाय तर काढून देजो गो,” एवढंच सांगत. काढून कुणीच दिला नाही. पुढच्या महिन्यात त्या वाडीतल्या बाया बाजारच्या दिवशी माझ्या दुकानासमोर रांगेत उभ्या, प्रत्येकीच्या हातात चिठ्ठी. मला सगळे शेठ म्हणत, पण विचारत मात्र काहीच नव्हते. मला तेवढंच हवं होतं. एकदा तरी कुणी काउंटरवर टेकून म्हणावं, “शेठ, कोणता घेऊ?”

त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस फॉर्म घेऊन आला. आमच्या भागात वीज वाचवणाऱ्या दिव्यांची मागणी एवढी का वाढली, याची त्यांना पाहणी करायची होती. फॉर्मावर कारणं छापलेलीच होती. विजेचं बिल, गॅरंटी, सरकारी योजना, नवी पक्की घरं, इन्व्हर्टर, जाहिरात. मी सगळ्यांवर खुणा केल्या. कारणं खोटी नव्हती, बिलाला कोण घाबरत नाही? पण ‘इतर’ म्हणून खाली एक रिकामी ओळ होती. पेन तिथे थोडं थांबलं. मग ती ओळ कोरीच ठेवून मी फॉर्म परत दिला आणि दिवसभर खुशीत होतो.

ती खुशी आठवडाभरही टिकली नाही. मी माल आणायला कल्याणला गेलो असताना माझ्या बायकोने बुवांना घरी बोलावलं. संध्याकाळी परत येतो तर स्वयंपाकघरातला होल्डर मधल्या वाशावरून भिंतीवर सरकलेला.

“अहो, आता मला विळीचं पातं दिसतं,” ती म्हणाली. “अठरा वर्षं माझ्याच सावलीत भाजी चिरत होते.”

“मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं. तुम्ही मोठा बल्ब आणून लावलात.”

मी तसाच उठून स्टँडवर गेलो. बुवा बाकावर बसून चहा पीत होते. माझ्या घरात मला न विचारता हात घातलात म्हणून मी त्यांना चारचौघांत नको नको ते बोललो. “मला दिव्यातलं काही कळत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“असं कसं, शेठ,” बुवा म्हणाले. “तुमच्याएवढा माल तालुक्यात कोनाला कलत नाय.” ते मनापासून म्हणत होते, म्हणून मला जास्तच झोंबलं.

पुढे गुडघे धरले आणि बुवा मुलाकडे बदलापूरला गेले. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आणि खरोखरच, आठ दिवसांत एक बाई काउंटरवर टेकून म्हणाली, “शेठ, पोरगी आभ्यासाला बसते तिथं कोणता लावू?” इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर आला आणि मला उत्तर येईना. “थांबा, माल बघून येतो,” म्हणून मी पत्र्याच्या पार्टिशनमागे गेलो आणि बुवांना फोन लावला. त्यांनी एका शब्दाने स्टँडवरचं काढलं नाही. पोरगी कुठल्या हाताने लिहिते, पाठ कुठल्या भिंतीला करते, हे मात्र सगळं विचारून घेतलं. मी बाहेर येऊन तिला तेच विचारलं, परत आत गेलो आणि मग बुवांचं उत्तर माझं म्हणून सांगितलं. असं दोन वर्षं चाललं. शेठला आता बरंच कळतं, असं लोक म्हणू लागले. मी ते ऐकून घेत होतो.

गेल्या महिन्यात सिद्धगडाकडच्या वाडीतली एक आजी आली. बाळंतीण सुनेच्या खोलीला दिवा हवा होता. मी आत जाऊन फोन लावला, तर तो बुवांच्या मुलाने उचलला.

“बाबा परवा गेले,” तो म्हणाला. “तुमचा फोन आला की खूश असायचे. सगळ्यांना सांगायचे, किन्हवलीचा माझा दोस्त आठवण काढतो.”

सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार मनात आला तो हाच, की आता बाहेर जाऊन आजीला काय सांगू? मग फोन ठेवला. बाहेर येऊन मी खुर्चीवर बसलो.

“आजी, मला नाही सांगता येणार,” मी म्हणालो. “इतके दिवस मी बुवांना विचारून सांगत होतो. ते गेले.”

आजीने हातातली पिशवी खाली ठेवली.

“बुवांना इचारून सांगता ते आमाला ठावं हाय, शेठ,” मग ती म्हणाली. “पत्र्याच्या पल्याडचं सगलं ऐकायला येतं. म्हनून तं तुमच्याकडं येत होतो.”