आश्रमाचं बोलावणं

जळगावात आमच्या गल्लीत माझ्या नोकरीचं नाव कुणालाच धड सांगता येत नाही. मी पुण्यात जाहिराती दाखवणाऱ्या कंपनीत आहे म्हटलं, की शेजारचे नाना विचारतात, "मग टीव्हीवर दिसतेस का तू?" कंपनीला एका युक्तीचं पेटंट मिळालं आणि त्यात माझंही नाव लागलं, तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले. नानांना पेटंट म्हणजे औषध, एवढंच ठाऊक. गुडघ्यांवर चालेल का, म्हणून त्यांनी चौकशीही केली.

युक्ती साधी आहे. एका वायफायवर चालणारे मोबाइल म्हणजे एक घर, असं आमची यंत्रणा धरून चालते. घरात एकानं कूलर शोधला, की कूलरची जाहिरात बाकीच्यांच्या मोबाइलवरही जाते. कुणी ती दाबली, की यंत्रणा त्याची नोंद घेते आणि मग त्या माणसाचा पिच्छा सोडत नाही. पेटंटच्या अर्जात मी लिहिलं होतं, की कुटुंबात शोधतो एक जण, पण ठरवतात सगळे मिळून. साहेबांना ते वाक्य फार आवडलं होतं. मलाही.

मागच्या उन्हाळ्यात घरूनच काम करायचं म्हणून मी जळगावला आले. आई धाकट्या भावाजवळ राहते. त्याचं अजून लग्न नाही, ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. मी बॅग टेकवते न टेकवते तोच आई मोबाइल घेऊन पुढ्यात उभी. चेहरा नुसता फुललेला.

"देख बाई, मले आश्रमवाला बलाई ऱ्हायनात."

स्क्रीनवर पंगतीला बसलेली पाठमोरी माणसं होती, ताटांतून वाफा निघत होत्या. खाली लिहिलं होतं, 'मायेची माणसं, घरचं जेवण. धुळ्याजवळचा आमचा आश्रम तुमची वाट पाहतोय.'

आई चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण होती. पाड्यांवरची मुलं तिथं राहून शिकायची. 'आई आश्रमात गेली' म्हणजे आई कामावर गेली, हे आम्हाला बोलायला लागल्यापासून माहीत. दुसऱ्या कुठल्या आश्रमाचा विषय आमच्या घरात कधी निघालाच नाही. तिला वाटलं, तिच्या हाताची चव कुणीतरी अजून लक्षात ठेवलीय. ती जाहिरात दाबायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी जाहिराती यायच्या.

"दररोज बलावतस," ती म्हणाली. "इतली गरज शे त्यास्ले."

ही जाहिरात हवेतून येत नाही, कुणीतरी काहीतरी शोधल्याशिवाय नाही. आईला मोबाइलवर शोधता येत नाही, आलेलं दाबायचं एवढंच जमतं. आणि घरातल्या वायफायवर मोबाइल दोनच, तिचा आणि भावाचा. मी काहीतरी 'हं हं' केलं आणि चपला घालून थेट दुकानात गेले.

"आईसाठी वृद्धाश्रम शोधतोयस?"

त्याच्या हातात नळीचं भेंडोळं होतं, ते त्यानं खाली ठेवलं. "कोण म्हणालं?"

"तुझा मोबाइल म्हणाला."

आधी म्हणाला, सहज बघितलं. मग म्हणाला, एका मित्रासाठी. मग गिऱ्हाईक निघून गेल्यावर खरं बोलला. दुकान नाशिकला हलवायचंय, तिथं भागीदाराबरोबर एका खोलीत राहावं लागेल, आईला कुठं ठेवणार?

"मग तिला तसं सांग."

"कशाला सांगायचं? तिला वाटतंय कामाला बोलावलंय. खूश आहे ती. मीही म्हटलं, हो आई, बोलावलंय खरं. सोमवारी गाडी सांगितलीय. गेली की रुळेल हळूहळू." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि ताई, मी तिला काही दाखवलं नाही. दाखवलं ते तुझ्या कंपनीनं."

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण यानं केसानं गळा कापला, आणि तोही आईच्याच भाबडेपणाचा केस घेऊन. आश्रमातून सुट्टीला येताना ती याच्यासाठी पदरात शेंगा बांधून आणायची. माझ्या वाट्याच्याही त्यालाच द्यायची. मला त्याची इतकी किळस आली, की उन्हातून घरी येईपर्यंत मी रस्ताभर स्वतःशीच भांडत होते.

घरी आई पिशवी भरत बसली होती. दोन सुती लुगडी, आणि माळ्यावरून काढलेली लांब दांड्याची पळी. "पह्यले दिन वरन-बट्टी करसू," ती म्हणाली. "पोरं खूश व्हतीन."

मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. तिथं पोरं नाहीत. तिथं घरच्यांनी ठेवलेली म्हातारी माणसं असतात. भावानं ते शोधलं, आमच्या यंत्रणेनं दोन्ही मोबाइल एका घरातले म्हणून ओळखले आणि तिला दाखवलं. तिनं मध्ये एकच विचारलं.

"म्हंजे त्यानी मोबाइलले इचारं?"

"हो."

"आनि मोबाइलनी मले सांगं."

"हो, आई."

ती पुन्हा पिशवीकडे वळली, लुगड्याची घडी नीट केली. मला वाटलं तिला समजलं नाही. पुन्हा सांगायचं मला धाडस झालं नाही.

सोमवारी सकाळी गाडी दारात आली. भावानं पिशवी उचलली, "चल आई," म्हणाला. आई पाटावरून उठली नाही.

"कामाले, का ऱ्हावाले?" तिनं विचारलं. कामाला की राहायला.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीकडे बघितलं.

"मी तुले इचारी ऱ्हायनू. कामाले, का ऱ्हावाले?"

"आई, तठे बरं करमी तुले..."

तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही. पिशवीतून एकेक वस्तू काढून ती समोर जमिनीवर मांडत गेली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"मले इचारं असतं, तं मी गयी असती. आते जावाव नई."