विहिरीचे पेढे

हुरड्याच्या दिवसांत मी रजा काढतेच. कोळशाच्या खाणीत पर्यावरणाचं काम बघणाऱ्या बाईला हुरड्यासाठी रजा कशाला लागते, हे आमच्या मॅनेजर साहेबांना अजून पटलेलं नाही. पण वाटूरजवळच्या आमच्या शेतात आगटीभोवती बसल्याशिवाय माझा हिवाळा काही सुरू होत नाही. गेल्या वर्षीही तशीच बसले होते. आबा कणसं भाजत होते, आई चोळून देत होती आणि मी नुसती खात होते. सुख म्हणजे काय ते मला त्या घटकेला कुणी विचारायला हवं होतं. विचारलं साहेबांनी, फोन करून, आणि भलतंच.

तिकडे विदर्भात, आमच्या खाणीतला भिंत घालून बंद केलेला एक जुना भाग आतून तापायला लागला होता. हवा लागली की कोळसा आपला आपण धुमसतो. माणसं बाहेर काढली होती, पण वेळीच आवरलं नाही तर शेजारचा चालू भागही हातचा जाणार होता. म्हणून वरच्या जमिनीतून थेट तिथवर बोअर पाडायचा आणि त्यातून वाळू-पाणी सोडून आग दाबायची असं ठरलं होतं. मशीन निघालं होतं. पर्यावरणाच्या बाजूने तपासून मी होकार द्यायचा तेवढा बाकी होता, आणि तो आजच.

फोनवर जागेचे फोटो आले. ते शिवार मी पायी फिरलेलं होतं. जमीन सपाट, गाडी जायला रस्ता, सगळं छान. फक्त शेजारी विहीर. तिथली सगळी वस्ती त्या एका विहिरीचं पाणी पिते. ते पाणी वरच्या खडकात असतं, खाण त्याच्या कितीतरी खाली. मधून उघडा बोअर गेला की वरचं पाणी खाणीत गळून जाणार आणि विहीर कोरडी पडणार.

"जागा रस्त्याच्या पलीकडे न्या," मी म्हटलं. "पाण्याच्या खडकाखालपर्यंत केसिंग पाइप घाला, बाहेरून सिमेंट भरा. ते घट्ट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि विहिरीचं पाणी रोज दोरी सोडून मोजा."

"मॅडम, खाली कोळसा तापतोय आणि तुम्ही विहीर घेऊन बसलात. यात एक दिवस जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणाले खरी. पण त्या एका दिवसात आग पसरली तर शंभर घरांची रोजी माझ्यामुळे गेली असती. हातातला हुरडा गार झाला.

आबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या कानात एकच शब्द राहिला. "बोअर कुठं घेऊन राह्यले?" मी सांगितलं. आमच्याकडे बोअरची गाडी आली की अर्धं गाव तिच्यामागे जातं. पाणी उडालं की गुलाल आणि पेढे हे ठरलेलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन आला. "पाणी लागलं?" मी मोठ्याने म्हटलं आणि फोन घेऊन अंगणात गेले. परत आले तोवर आबा घरात नव्हते. तासाभरात वाटूरहून पेढे आणून त्यांनी सगळी गल्ली गोड केली. शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "पोरीनं खाणीत पाणी लावलं म्हणं. लई गुणाची."

खाणीत पाणी लावणं हा आमच्या धंद्यात केवढा गुन्हा आहे, हे मावशींना काय सांगणार. मी हसले, पण आबांना खरं ते सांगितलं. बोअरला लागलेलं पाणी त्या वस्तीच्या विहिरीला पुरवणाऱ्या खडकातलंच होतं. आता सगळा भरवसा पाइपवर आणि सिमेंटवर होता.

 आबा उठून आमच्या शेतातल्या विहिरीकडे गेले, मीही गेले. चारी बाजूंनी बोअर झाले, त्यातला एक आमचाच, तेव्हापासून ती कोरडी आहे. आत पिंपळ उगवलाय.

"दर बोअरचे पेढे खाल्ले मी," आबा म्हणाले. "हिचं काय व्हईल, ते कोणी इचारलंच न्हाई. मी बी न्हाई."

मला फार वाईट वाटलं. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी तशीच उभी राहिले.

सिमेंट घट्ट होऊन बोअर खाली पोचेपर्यंत पुढच्या फोनची वाट दोघांनी मिळून पाहिली. वाजल्यावर मी एकच विचारलं, "विहीर?"

"दोरी आधी भिजायची तिथपर्यंतच भिजतेय," साहेब म्हणाले. "आणि आगही बसतेय, मॅडम. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगतो."

मी आबांकडे वळले.

"पाणी वाढलं का?"

"नाही."

"मंग कमी झालं?"

"नाही आबा. होतं तेवढंच आहे."

आबांनी थोडा विचार केला आणि पायात चपला सरकवल्या. तासाभराने ते पुन्हा पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत उभे होते. मावशींनी पेढा घेतला आणि विचारलं, "आता काय लागलं?"

"काई न्हाई लागलं," आबा म्हणाले. "एक विहीर होती, ती हाये."