तीनदा सारखं भरलेलं वजन

बाळांच्या दवाखान्यातल्या वजनवाल्या नर्सला सगळे काटेताई म्हणत. प्रत्येक बाळ ती तीनदा तोलायची. तिन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहायची आणि खाली सही करायची. रोज सकाळी काटा रिकामा असताना शून्य दाखवतो ना, तेही बघायची. बावीस वर्षांत तिच्या नोंदीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

एकदा एक किराणावाला आठ दिवसांची मुलगी घेऊन आला. वजन भरलं दोन किलो पाचशे तीस. अडीचच्या खाली भरलं असतं, तर बाळावर खास लक्ष ठेवावं लागलं असतं.

तो चाचरत म्हणाला, "ताई, आमच्या दुकानात दोन किलो तीनशेच भरलं हो."

"अहो, ही मुलगी आहे, साखर नव्हे!" काटेताई हसली. तिने पुन्हा तीनदा तोललं. तोच आकडा. बाप मुलीला उचलून घरी गेला.

तीन आठवड्यांनी कळलं, मुलीला मोठ्या रुग्णालयात दाखल केलंय. दूध ओढण्याचीही ताकद उरली नव्हती.

काटेताई तडक किराणावाल्याच्या दुकानात गेली, खाली मान घालून एक किलोचं वजन मागून आणलं आणि काट्यावर ठेवलं. एक किलो शंभर. पुन्हा ठेवलं, एक किलो शंभर. तिसऱ्यांदाही तेच. काटा शून्य बरोबर दाखवत होता, पण भार पडला की दर किलोमागे शंभर ग्रॅम जास्त सांगत होता. दर वेळी न चुकता तीच चूक.

डॉक्टर म्हणाले, "तुमचा काय दोष? काटा बिघडला."

"तीनदा सारखं आलं म्हणजे बरोबर आलं, असं मी धरून चालले," ती म्हणाली. "आणि सही काट्याने नाही केली."

काटा कधी बिघडला, ते कुणालाच सांगता येईना. शेवटची तपासणी पाच महिन्यांपूर्वीची. तिने तेव्हापासूनची पानं काढली. किराणावाल्याच्या मुलीशिवाय अडीच ते पावणेतीन किलोच्या मधली आणखी अकरा बाळं निघाली. सगळी खरं तर अडीचच्या आतली.

"आपणहून कशाला सांगत फिरतेस? नोकरीवर बेतेल," नवरा म्हणाला. तपासून घेतलेला काटा पिशवीत घालून ती घरोघर गेली. कुठे पाणी मिळालं, कुठे शिव्या. एका आजीने तर दारच लावून घेतलं. तासभर पायरीवर बसल्यावर उघडलं.

किराणावाल्याची मुलगी महिन्याभराने घरी आली. वरिष्ठांनी काटेताईला लेखी ताकीद दिली, पण नोकरी राहिली. दहा बाळं सापडली, हळूहळू बाळसं धरू लागली.

अकराव्याचं बिऱ्हाड मात्र हललं होतं. घराला कुलूप होतं आणि शेजाऱ्यांना नवा पत्ता ठाऊक नव्हता. ती चारदा जाऊन आली. निवृत्त झाल्यावरही ती कधी मध्येच विचारायची, "मुलगा होता तो. आता शाळेत जात असेल, नाही का?"

नवरा "हो" म्हणायचा. तिला ते पटायचं नाही.