मिशीबाईंची वाकडी मिशी

साथीच्या वॉर्डात सगळी माणसं सारखीच दिसायची. डॉक्टर असोत, नर्स असो की झाडूवाला, सगळी पांढरी गाठोडी. पेशंटना आपण ओळखू यावं म्हणून एका नर्सबाईंनी मास्कवर मार्करने मिशी काढायला सुरुवात केली. झोकदार, पण वाकडी! डावं टोक कानाकडे चढलेलं, उजवं हनुवटीकडे घसरलेलं. मास्क चढवल्यावर आरशाशिवाय काढायच्या, दुसरं काय होणार? सगळे त्यांना मिशीबाई म्हणत.

मी धंद्याने न्हावी. श्वासाला महाग झालो होतो, तरी ती मिशी माझ्या डोळ्यांत खुपायची.

"सिस्टर, उजवी बाजू जरा वर घ्या हो."

"आधी तुम्ही पालथे व्हा, दादा. पोटावर पडलं की छातीला मोकळीक मिळते."

"पोटावर मला झोप येत नाही."

"झोपा म्हणतंय कोण? नुसतं पडा. नाहीतर तुमची अर्धी मिशी उडवीन. वस्तरा माझ्याही घरी आहे."

मी निमूट पालथा झालो. बाई शब्दाच्या पक्क्या वाटत होत्या.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा गेले, तेव्हा त्यांचा हात मिशीबाईंच्याच हातात होता. त्या औषधांच्या कपाटाआड जरा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन मी जेवण टाकलं म्हणून माझ्यावरच खेकसल्या. मला त्यांचा राग आला नाही. ताट पुढे ओढून चार घास खाल्ले.

मग एके सकाळी मिशी आली ती सरळ. दोन्ही टोकं एका रेषेत.

"मिशीबाई कुठे आहेत?" मी विचारलं.

"मीच की!" गाठोडं उसन्या उत्साहाने म्हणालं.

"थापा मारू नका. माझं आयुष्य मिश्यांत गेलंय."

गाठोड्याचे डोळे भरले. मिशीबाईंनाच साथीने गाठलं होतं. पडद्यापलीकडे, बायकांच्या बाजूला होत्या. ऑक्सिजन उतरत चालला होता आणि बाई काही केल्या पालथ्या होईनात. उताणं पडून बाकीच्यांची मशिनं बघत होत्या, वर इतरांना सूचना देत होत्या. असंच चाललं तर वाचणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले होते.

माझा ऑक्सिजन तोवर सुटला होता. मी मार्कर मागून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा, मुद्दाम, वाकडी मिशी काढली. आपल्याच मास्कवर. मग खाटांचे कठडे धरत धरत पडद्यापाशी गेलो.

"सिस्टर, पालथ्या व्हा. नाहीतर उद्यापासून अख्ख्या वॉर्डाला सरळ मिशी शिकवतो."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. हसायला गेल्या, ठसका लागला. मग त्यांनी नर्सला हात दिला आणि कुशीवरून हळूहळू पालथ्या झाल्या.

बऱ्या झाल्यावर लेकीचे केस कापायला त्या माझ्या दुकानात आल्या. मी कात्री उचलतोय तोच खुर्चीमागून म्हणाल्या, "दादा, तुमचं उजवं टोक वर गेलं होतं. माझं डावं जातं."

जन्मभर गिऱ्हाईक आरशात बघणारा माणूस मी! डावं-उजवं उलटं झालं होतं.

"होते चूक कधीकधी," मी म्हणालो. मग कात्री ठेवून आधी बाईंना बसायला खुर्ची दिली.