ज्या कारखान्यात वारा नव्हता

बोईसरला मी आयुष्यात कधी गेले नव्हते, पण तिथला एक अख्खा रसायनांचा कारखाना मी नाशिकला घरी बसून, त्यांनी पाठवलेल्या फोटोंवरून उभा केला होता. विटा-सिमेंटचा नव्हे, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणारा. लिंक दाबायची, मोबाइल पुठ्ठ्याच्या गॉगलमध्ये सरकवायचा, की तुम्ही थेट टाक्यांच्या मधोमध! भोंगा वाजतो, पिवळा वायू पसरतो आणि हिरवे बाण दाखवतील त्या गेटकडे पळायचं. वेगळं ॲप घ्यायला नको, काही नको. सोमवारपासून नव्या कामगारांना याच्यावरच शिकवणार होते. त्याआधी शनिवारी तो दाखवायला मी निघाले. खरं सांगायचं तर शाबासकी घ्यायलाच निघाले होते.

पहाटेची एसटी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डोंगर उतरू लागली. उतारावरच्या शेतांत भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला राब पेटवले होते. धूर आमच्या पुढे पुढे, समुद्राच्या दिशेने चालला होता. सुंदर दिसतं म्हणून मी त्याचा फोटो काढला. धूर कुठे चाललाय याचा विचार काही केला नाही.

बोईसरला उतरून रिक्षाने कारखान्यात पोचले. गेटपाशी थबकलेच. डावीकडे सायकलींची शेड, पुढे निळी टाकी, सगळं मी बांधलं होतं तसंच! सुरक्षा अधिकारी पाटीलसाहेब मूळचे सांगलीचे. चहाबरोबर त्यांनी कौतुकही भरपूर पाजलं. कँटीनमध्ये वीसेक कामगार जमले. एकेकाने गॉगल लावला, भोंग्याला दचकला, बाणांमागे धावत पूर्वेच्या गेटला पोचला. टाळ्या पडल्या. मी हवेत.

मग दामूकाकांची पाळी आली. कारखान्यातले सर्वांत जुने ऑपरेटर, शिरगावच्या मच्छीमार घरातले. त्यांनी गॉगल लावला आणि जागचे हललेच नाहीत. मान वर करून नुसते बघत राहिले.

“चाचा, भागो!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

काकांनी गॉगल काढून माझ्या हातात दिला. “बाय, यात वारा नाय.”

मला रागच आला. महिनाभर डोळे फोडून केलेलं काम! “काका, मोबाइलमध्ये वारा कुठून आणू?”

“वारा नको आणू. पन ती पिशवी का हलत नाय?”

टाकीवर खांबाला नारिंगी कापडी पिशवी असते, सगळे तिला विंडसॉक म्हणतात. वारा कुठून येतो ते ती दाखवते. माझ्या कारखान्यातही ती होती, पण फोटोसारखी गोठलेली. लिंक साध्या मोबाइलवरही पटकन उघडावी, म्हणून हलणारं जे जे होतं ते मी काढून टाकलं होतं. मी तसं सांगितलं, तर काका शांतपणे म्हणाले, “जेवाया चला घरी. दुपारी दावतो.”

त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी शिरगावला गेले. घरी तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण, वर ताडगोळे. वाढायला त्यांची मुलगी हेमलता होती. सोमवारी ती याच कारखान्यात, पॅकिंगला लागणार होती. “ताई, मी मोबाइलवर चारदा केलं. पाठ झालंय मला,” ती हसून म्हणाली.

“भोंगा वाजला तं कुटं पलशील?” काकांनी विचारलं.

“पूर्वेच्या गेटला.” वाढताना मानही वर न करता पोरगी बोलली.

काका ताटावरून उठले. हात धुऊन मला किनाऱ्यावर घेऊन गेले. वाळूत ओढलेल्या होड्यांवरची निशाणं गावाकडे फडफडत होती, माझी ओढणीसुद्धा. “सकालचा वारा जमिनीवरचा, दर्यात जातो. त्याच्यावर आमचे बाप होड्या काढत. दुपारी वारा फिरतो, दर्यावरून गावात येतो. तवा वायू कुटं जाईल?”

“पूर्वेला,” मी म्हणाले.

पाटीलसाहेबांना तिथूनच फोन केला. “मला पाठवलेले फोटो कधी काढले होते?”

“सकाळी सातला. आवार मोकळं असतं ना तेव्हा.”

सातला वारा पूर्वेकडून, आणि फोटोतली पिशवी बघूनच मी बाण काढले होते. म्हणून पूर्वेचं गेट बरोबर, पण फक्त सकाळपुरतं. दुपारपाळीच्या माणसांना मी वायूच्या सोबतीने पळायला शिकवत होते. हेमलताची पाळी दुपारची होती.

“काका, माझं चुकलं,” मी सरळ म्हणाले.

“अजून कुनी पललं नाय ना? मंग झालं तं.”

तो रविवार मी बोईसरच्या लॉजवर काढला. साहेबांनी जुनी लिंक बंद केली. मी बाण सगळे पुसले. पिशवी हलती केली, दर खेपेला वारा वेगळ्या बाजूने. लिंक आता उघडायला वेळ घेते, घेऊ दे मेली! संध्याकाळी शिरगावला जाऊन हेमलताला गॉगल दिला. भोंगा वाजताच ती पूर्वेला धावली आणि पिवळ्या धुरात सापडली. “अगं बाई!” दुसऱ्यांदाही तेच. पाठ केलेलं सहजासहजी जात नाही. सातव्यांदा ती थांबली, वर बघितलं आणि वारा येत होता त्या बाजूला वळली. दामूकाका तोंड फिरवून जाळं आवरत बसले. त्यांचे डोळे मी पाहिले, पण तसं दाखवलं नाही.

सोमवारी दुपारच्या एसटीने परतले. जव्हारच्या घाटात राबाचा धूर या वेळी आमच्याच दिशेने, नाशिककडे झुकला होता. मी फोटो काढला नाही, नुसती बघत बसले.

आठवड्याने हेमलताचा निरोप आला: “ताई, आज दुपारी चाचणीचा भोंगा वाजला. मी आधी वर बघितलं. पश्चिमेच्या गेटला पोचले तर बाबा तिथं आधीच उभे, प्रत्येकीचं तोंड बघत मला शोधत होते.”

दोनदा वाचला. मग दुपारी आमच्याकडे वारा कुठून येतो ते आठवून पाहिलं. चाळीस वर्षं नाशिकात राहते, पण सांगता येईना. गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या साडीकडे बघत उभी राहिले.